कवडूजींची थाप

नागपूरच्या शर्यतीत बाहेरगावचा घोडा का जिंकत नाही, हा प्रश्न मला पडायचं तसं काही कारण नव्हतं. मी सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ब्लाउज आणि परकर शिवणारी बाई. घोड्यांशी माझा संबंध एवढाच, की शर्यतीची झेंडी माझ्या मशीनवर शिवली जायची. पण मला एक खोड आहे. एखादी गोष्ट उलगडली नाही की ती मला टोचत राहते. माझे यजमान रामदासपेठेत एका कचेरीत कारकून होते. ते म्हणायचे, "सुमती, तुला काय करायचं आहे?" करायचं काहीच नसायचं, नुसतं कळून घ्यायचं असायचं. हा फरक त्यांना कधी पटला नाही.

झेंडी न्यायला कवडूजी घाटोळे यायचे. उंच, किडकिडीत माणूस, गुडघे दुखायला लागल्यापासून जरा वाकडा चालणारा. उभा जन्म त्यांनी टांगा हाकला होता. पुढे सायकलरिक्षांनी गिऱ्हाईक पळवलं, गुडघ्यांनी साथ सोडली आणि त्यांनी टांगा-घोडा दोन्ही विकलं. मुलगा हिंगण्याला कारखान्यात लागला होता. तो कंपनीच्या बसने सकाळी जायचा आणि जाताना बापाला बजावून जायचा, की आता घरी स्वस्थ बसा. कवडूजी घरी स्वस्थ बसायच्याऐवजी माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन स्वस्थ बसत. मला त्यांचा कंटाळा यायचा नाही. घोड्याला सर्दी होते का, त्याला स्वप्न पडतं का, असलं काहीही विचारलं तरी ते हसत नसत. विचार करून उत्तर देत.

वर्षातून एक दिवस मात्र हा माणूस वेगळाच दिसायचा. संक्रांत झाली की पहिल्या रविवारी तलावामागच्या मैदानात टांग्यांची शर्यत व्हायची. मी सांगते आहे ते त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालच्या सुमाराचं. मैदानाच्या एका टोकाला चुन्याची रेघ मारायची, दुसऱ्या टोकाला चिंचेचं झाड. रेघेपासून चिंचेपर्यंत सरळ धाव, मध्ये वळण नाही की वळसा नाही. त्या दिवशी कवडूजी गुलाबी फेटा बांधून, परीटघडीचं धोतर नेसून रेघेच्या टोकाला उभे राहत. त्यांनी झेंडी वर धरली की एवढा जमाव गप्प व्हायचा. एरवी त्यांच्या घरात त्यांचं बोलणं कोणी पुरतं ऐकूनही घेत नव्हतं. म्हणून ती झेंडी त्यांना काय होती हे मला ठाऊक होतं. शर्यत झाली की ते ती धुऊन, घडी घालून खाटेखालच्या पेटीत ठेवत आणि कापड विरलं की नव्या कापडाचा तुकडा घेऊन माझ्याकडे येत.

त्यांची झेंडी सरळ, याबद्दल गावात दुमत नव्हतं. ज्यांचा घोडा हरायचा तेही जमिनीला दोष देत, साजाला देत, घोड्याच्या आईबापाला देत, पण कवडूजींना कोणी काही बोलत नसे.

बाहेरगावचे घोडे मात्र हरायचेच. भंडाऱ्याहून यायचे, वर्ध्याहून यायचे, हरून जायचे आणि पुढच्या वर्षी येत नसत. एकटा गोंदियाचा गिरिधर न चुकता यायचा. बुटका, हसरा, सदा कानावर बिडी खोचलेला. त्याचा बादल नावाचा करडा घोडा होता आणि तो घोडा चांगला आहे हे मलाही कळायचं. मैदानाच्या मध्यापासून तो सगळ्यांना गाठत यायचा. पण गाठायला कमी पडायचा. चिंच यायची आणि बादलचं नाक पुढच्या टांग्याच्या चाकाशी असायचं.

शर्यतीच्या मंडळाचे अध्यक्ष भैयाजी, कापडाचे व्यापारी. त्यांना नियम करायची भारी हौस. मैदानावरच्या कडुलिंबाला एक पत्र्याची पाटी टांगलेली होती आणि तिच्यावर नियम रंगवलेले होते. दरवर्षी त्या पाटीवर काहीतरी खोडलं जायचं आणि काहीतरी वाढायचं. पहिला नियम असा होता, की बाहेरगावच्या टांग्याने तलावाच्या बाजूने पळायचं. तिकडची जमीन भुसभुशीत. गिरिधरने तक्रार केली. भैयाजींनी पुष्कळ विचार करून जागांच्या चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. बादल हरला. मग गिरिधर म्हणाला, घोडा गोंदियाहून चालत येतो, तो दमलेला असतो. भैयाजींनी नियम केला, की बाहेरगावच्यांनी आधी येऊन राहावं, चारापाणी मंडळाचं. बादल चारा खाऊन ताजातवाना झाला आणि हरला. मग टांग्यांच्या वजनाचा नियम झाला. सगळे टांगे सारख्या वजनाचे. तरीही बादल हरला.

दिवाळीनंतर भैयाजींच्या दुकानाच्या ओट्यावर मंडळाची बैठक भरली. गोंदियाहून गिरिधरही आला होता. मी भैयाजींकडे अस्तराचं कापड घ्यायला गेले होते आणि अस्तर पसंत करायला त्या दिवशी मला फार वेळ लागला.

भैयाजी वैतागले होते. "आता काय राह्यलं गा गिरिधर? जागा झाली, चारा झाला, वजन झालं. आता का तुह्या टांग्यात आम्ही जुपून घेऊ?"

सगळे हसले. गिरिधरही हसला. मग कानावरची बिडी काढून बोटात फिरवत म्हणाला, "नियम साफ आहेत भैयाजी. मी मानतो. पण मंग सुरुवातीलेच मी मागं काहून पडतो? बादल उभा असते तवा बराबरीत असते, अन् झेंडी पडते तवा मागं असते. नियमात खोट नसन तर झेंडीत असन."

कवडूजी कोपऱ्यात बसले होते. ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"माही झेंडी वाकडी निघाली," ते म्हणाले, "तर मी पुन्हा हातात धरणार नाही. सर्वायसमोर सांगतो."

आवाज चढलेला नव्हता, पण चेहरा पांढरा पडला होता. गिरिधर लगेच म्हणाला, की तुमच्यावर शक नाही काका, मी फक्त विचारून राहिलो. पण बोलून झालं ते झालं. मला कवडूजींचं वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर गिरिधरचा प्रश्नही आवडला. उभा असताना बरोबरीत आणि झेंडी पडल्यावर मागे. हे कसं होत असेल? अस्तर न घेताच मी घरी आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कुसुमताई माझ्या दुकानासमोर टांग्यातून पडल्या.

कुसुमताई म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या, अंगाने भारदस्त आणि बोलण्याने त्याहून. शिवलेले ब्लाउज घेऊन त्या निघाल्या. दारात अनंताचा टांगा उभा होता. अनंता आमच्याकडचा पहिला नंबरवाला. त्याची चिमणी नावाची घोडी दरवर्षी चिंचेला सगळ्यांच्या आधी पोचायची. अनंता लगाम सैल सोडून पानठेल्यावाल्याशी बोलत होता. कुसुमताईंचा एक पाय टांग्याच्या पायरीवर होता. त्याच वेळी आत स्टुलावर बसलेल्या कवडूजींनी तंबाखू मळून झाल्यावर चुन्याची भुकटी उडवायला तळहातावर थाप मारली. चिमणी टांगा घेऊन ताडकन सुटली आणि कुसुमताई रस्त्यावर बसल्या.

मग जे व्हायचं ते झालं. कुसुमताई अनंताला बोलल्या, अनंता घोडीला बोलला, कवडूजी धावत जाऊन घोडीला थोपटायला लागले. फार लागलं नव्हतं. सगळे म्हणाले, गोमाशी चावली असेल. मला ते पटलं नाही. थंडीच्या दिवसांत कुठली आली गोमाशी?

तंबाखू मळून थाप तर आमच्याकडे सगळेच मारतात. टांगा स्टँडवर दिवसभर दुसरा आवाज नसतो. त्या आवाजाने घोडे सुटायला लागले तर अर्धं नागपूर रस्त्यावर बसेल. मग चिमणी का सुटली? रात्री भाकऱ्या थापतानाही माझ्या डोक्यात तेच होतं. एक भाकरी करपली आणि यजमानांनी विचारलं, "आज काय कळून घ्यायचं आहे?"

दुसऱ्या दिवशी कवडूजी आले तेव्हा मी मशीन थांबवून नुसती त्यांच्या हातांकडे बघत बसले. त्यांनी कमरेची चंची काढली. तंबाखू घेतली, चुना घेतला, अंगठ्याने निवांत मळली. मग थाप मारली. दोन हलक्या आणि तिसरी जोरात. टप, टप, फट. चिमूट ओठात ठेवली आणि हात झटकले. इतकी वर्षं मी हे पाहत होते आणि कधी ऐकलं नव्हतं. दुसरे लोक कशाही थापा मारतात, कोणाची एक, कोणाच्या चार. कवडूजींची ठरलेली होती.

आणि मला आठवलं, शर्यतीच्या दिवशी ते हेच करतात. झेंडी काखेत धरायची, तंबाखू मळायची, टप टप फट, चिमूट ओठात, मग झेंडी वर. त्यांचं म्हणणं होतं की त्याने हात स्थिर राहतो.

दुपारी मी दुकान ओढून घेतलं आणि चौकातल्या टांगा स्टँडवर गेले. तंबाखूला मी हात लावत नाही. कापडावर खुणा करायच्या खडूचा चुरा मुठीत घेतला होता. टांगेवाले झाडाखाली पत्ते खेळत होते. मी घोड्यांजवळ उभी राहून तळहातावर एकच थाप मारली. घोडे आपले उभे. मग मी कवडूजींसारखी मारली, दोन हलक्या आणि एक जोरात. रांगेतल्या काही घोड्यांचे कान उभे राहिले. एकाने मान ताठ केली, एकाने मागचे पाय रोवले, आणि चिमणी तर टांग्यासकट पुढच्या टांग्याला धडकली. बाकीचे घोडे पेंगतच होते. ज्यांचे कान उठले ते सगळे शर्यतीत पळणारे होते.

"ओ बाई," अनंता पत्ते टाकून ओरडला, "काय करून राहिल्या वं तुम्ही?"

मी हात झटकून म्हटलं, "काही नाही, खडू झटकून राहिली," आणि तिथून सटकले.

आता सगळं लक्षात आलं. थंडी पडली की दर रविवारी सकाळी आमचे टांगेवाले मैदानावर सराव करत आणि झेंडीला कवडूजी असत. फुकट, हौसेने. दर धावेला टप टप फट आणि मग झेंडी. घोडे ते शिकले होते. हाकणारेही शिकले होते, आपण शिकलो हे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. थाप पडली की त्यांचा हात लगामावर आवळायचा, घोडा जागच्या जागी अंग पुढे टाकायचा. पाय रेघेवरच, म्हणून नियम मोडायचा नाही. झेंडी पडेपर्यंत ते निम्मे निघालेले असत. गिरिधरचा बादल बिचारा झेंडीची वाट पाहत उभा. तो कवडूजींची थाप वर्षातून एकदा ऐकायचा, आणि बाकीच्या गोंधळात ती त्याला कुठून कळणार? भैयाजींनी पाटीवर जागा लिहिली, चारा लिहिला, वजन लिहिलं. ही थाप कोण लिहिणार होतं?

माझा पहिला आनंद निव्वळ स्वार्थी होता. कोडं सुटलं. मग ओट्यावर उठून उभे राहिलेले कवडूजी आठवले आणि माझा आनंद मावळला. सांगावं, तर त्यांच्या हातातली झेंडी जाणार. न सांगावं, तर गिरिधर दरवर्षी गोंदियाहून हरायला येणार. मी शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत गप्प राहिले. मला ते कसं जमलं कोण जाणे.

आदल्या दिवशी ते झेंडी न्यायला आले. झेंडी तयार होती, इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. मी ती दिली नाही.

"कवडूजी," मी म्हटलं, "एक सांगू? रागवायचं नाही. गोंदियावाला तुमच्या थापेनं हरते."

ते ताठ झाले. "मी थाप मारतो? सुमती, तू मले ओळखते नं वं? आजपर्यंत कोणाले एक थाप मारली असन तर सांग."

"रोज मारता," मी म्हटलं. "तंबाखूवर."

मग मी सगळं सांगितलं. चिमणी, कुसुमताई, खडू, कान. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "घोडं असं करत नाही." मग थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "घोडं असंच करते." उभा जन्म घोड्यांबरोबर काढलेल्या माणसाला माझ्यापेक्षा ते जास्त कळणारच. त्यांनी डोळे मिटले. एकेक शर्यत आठवत असावेत. आणि मग झेंडी न घेताच उठून गेले. मला रडू आलं. मी स्वतःला चार शिव्या दिल्या आणि यजमानांना म्हटलं, तुमचं बरोबर होतं, मला काय करायचं होतं.

रविवारी सकाळी मी दुकानाचं दार उघडलं तर कवडूजी फेटा बांधून पायरीवर बसलेले. त्यांनी कमरेची चंची सोडली आणि माझ्या हातात ठेवली.

"शर्यत होऊ दे, मंग घेऊन जाईन," ते म्हणाले. "दे झेंडी."

मैदानावर सगळे चिंचेकडे धावले, चांगली जागा धरायला. मी रेघेजवळ उभी राहिले. आमच्याकडचे नेहमीचे टांगे आणि गिरिधरचा बादल. अनंता शेजारच्या टांगेवाल्याशी हसत काहीतरी बोलत होता. गिरिधरची नजर झेंडीवर. कवडूजी आले, रेघेच्या टोकाला उभे राहिले. त्यांचा हात सवयीने कमरेकडे गेला आणि रिकामाच परत आला. त्यांनी सगळे घोडे रेघेवर आहेत की नाही ते नीट पाहिलं. झेंडी वर धरली. खाली सोडली.

बादल सुटला. आमचे टांगे उभेच.

अनंताचं बोलणं अजून संपलं नव्हतं. बादल पार पुढे गेल्यावर कोणीतरी किंचाळलं आणि मग बाकीच्यांनी चाबूक उगारले. चिमणीने जीव टाकून धाव घेतली, पण काय उपयोग? बादल चिंचेखाली जाऊन उभा राहिला तेव्हा बाकीचे मैदानाच्या मध्यावर होते.

मग काय दंगा झाला म्हणता. अनंता टांग्यातून उडी मारून आला, भैयाजी धोतर सावरत धावत आले, त्यांच्यामागे अर्धा जमाव.

"कवडू," भैयाजी धापा टाकत म्हणाले, "तू आज तंबाखू काहून नाही खाल्ली?"

एवढ्या गर्दीत त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. म्हणजे त्यांनाही आतून कुठेतरी माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं.

"आम्ही थापेची वाट पाहून राहिलो होतो," अनंता चिडून म्हणाला, "अन् यानं झेंडीच टाकून दिली. हा का इन्साफ आहे?"

गिरिधर टांगा हळूहळू वळवून आला होता. त्याने विचारलं, "तंबाखू खायचा नियम पाटीवर कुठं लिहिला आहे भैयाजी? मी तर पुरी पाटी वाचली."

भैयाजींनी पाटीकडे पाहिलं. पाटीवर तंबाखू नव्हती.

कवडूजी अनंताकडे बघत होते, पण रागाने नाही. काहीतरी हरवल्यासारखे बघत होते. "म्हणजे इतके साल," ते हळूच म्हणाले, "झेंडी कोणी पाहतच नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं, "झेंडी पडली तवा सगळे रेघेवर होते. निकाल तोच राहीन. अन् मी बोललो होतो ते तुमच्या ध्यानात असन." त्यांनी झेंडीची घडी घातली, भैयाजींच्या हातात दिली आणि वाकडे चालत मैदानाबाहेर गेले.

अनंताचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी सांगून ठेवते. त्या दिवशीची शर्यत आधीच्या सगळ्या शर्यतींइतकीच वाकडी होती, फक्त उलट्या बाजूला वाकलेली. गिरिधरलाही ते कळत होतं. दुसऱ्या दिवशी गोंदियाला निघण्याआधी तो माझ्या दुकानाशी थांबला. कवडूजी स्टुलावर बसलेले होते, तोंडात काही नाही, चंची माझ्याच फळीवर.

"काका," गिरिधर म्हणाला, "असं जिंकून मले मजा नाही आली. बादल उड्या मारत गेला अन् मागं पाहतो तर कोणी नाही. पुढच्या साली झेंडी तुम्हीच धरा. तुम्ही नसान तर मी येत नाही."

"मी बोलून बसलो आहे," कवडूजी म्हणाले.

"मंग असं करू. तुमची थाप मले शिकवा. मी बादलले शिकवतो. झालं बराबर."

कवडूजींनी मान हलवली. "अन् भंडाऱ्याचा आला तर? वर्ध्याचा आला तर? त्यायले कोण शिकवन?" थोडं थांबून ते म्हणाले, "या घोड्यायले मी ओळखीचा आहे. ते मले ओळखतात तोवर मी झेंडी धरणार नाही."

"मग ओळख मोडा," मी म्हटलं. मी ते सहज बोलून गेले होते. पण कवडूजींनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हात पुढे केला.

"चंची दे वं," ते म्हणाले.

त्या वर्षभर नागपूरने कवडूजींना वेडं ठरवलं. गुडघे धरून ते या स्टँडवरून त्या स्टँडवर जायचे. आमच्या चौकात, महालात, पार स्टेशनपर्यंत. शर्यतीत पळणारा घोडा दिसला की त्याच्याजवळ उभं राहायचं आणि रिकाम्या तळहातावर टप, टप, फट. घोडा अंग पुढे टाकायचा. कवडूजी काहीच करायचे नाहीत. झेंडी नाही, हाक नाही, काही नाही. घोडा बावरून पाहायचा. पुन्हा टप, टप, फट. पुन्हा काही नाही. टांगेवाले खेकसायचे. हिंगण्याच्या बसमध्ये मुलाची थट्टा व्हायची, की तुझा बाप घोड्यांना टाळ्या वाजवून दाखवतो. तो घरी येऊन बापावर चिडायचा. कवडूजी ऐकून घ्यायचे आणि सकाळी पुन्हा निघायचे.

मी त्यांना विचारलं, "घोडे विसरतात का हो?"

"विसरत नाहीत," ते म्हणाले. "पण थापेचा काही मतलब नाही, एवढं शिकू शकतात."

पावसाळा सरेपर्यंत बहुतेक घोड्यांनी ते शिकून घेतलं. चिमणी तेवढी शिकेना. तिचा एक कान उठायचाच. अनंता कवडूजींशी बोलत नव्हता, घोडीला जवळ येऊ देत नव्हता. मग दिवाळीच्या सुमारास एक दिवस टांगा माझ्या दारात येऊन थांबला. अनंता खाली उतरला, लगाम धरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "मारा किती मारायच्या ते." त्यानंतर तो रोज सकाळी यायचा. कवडूजी थाप मारायचे, मग उठून चिमणीच्या मानेवरून हात फिरवायचे. तिच्यावर त्यांचा फार जीव होता. ती लहान असल्यापासून त्यांनी तिला धावताना पाहिलं होतं आणि आता ते तिला स्वतःच्या हाताची ओळख पुसायला लावत होते.

संक्रांत आली. भैयाजी स्वतः माझ्या दुकानात येऊन झेंडी ठेवून गेले. मी नव्या कापडाची शिवली. रविवारी रेघेवर आमचे टांगे होते, गिरिधरचा बादल होता आणि कितीतरी वर्षांनी भंडाऱ्याचाही एक टांगा आला होता. कवडूजी गुलाबी फेटा बांधून आले, पण झेंडी त्यांनी माझ्याकडेच ठेवली. घोड्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. चंची काढली, निवांत तंबाखू मळली आणि थाप मारली. दोन हलक्या, तिसरी जोरात. सगळ्या मैदानाला ऐकू गेली.

एकही कान हलला नाही. बादल शेपटी हलवत होता. चिमणी दूर चिंचेकडे पाहत होती.

कवडूजींनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी झेंडीसाठी हात पुढे केला.

"आता नागपुरात मले एकही घोडं ओळखत नाही वं, सुमती," ते म्हणाले. हसत होते आणि डोळे पुसत होते.

त्यांनी झेंडी वर धरली. हाकणाऱ्या सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. झेंडी पडली आणि सगळी चाकं एकदम हलली. लोक चिंचेकडे ओरडत धावले. मी आणि कवडूजी रेघेपाशीच राहिलो, चुन्यावर उमटलेले खुरांचे ठसे बघत. कोण जिंकलं ते आम्हाला नंतर दुसऱ्यांना विचारावं लागलं.